नातवाच्या नावाची डबी

१८ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद. तो आधीच देऊन टाकते, पुढे राग चढला की राहून जाईल.

फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. आमच्या भिंतीला लागून जी राहते, तिचा एक कान कायम आमच्याकडे मुक्कामाला असतो. शिवाय फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि मला कळतं की तुझं लक्ष तिसरीकडेच आहे. कागद बरा. शाळेनं मला चौथीपर्यंतच ठेवून घेतलं, पण मनातलं लिहायला तेवढं पुरतं.

तर ऐक. आमच्या पाळणाघरात चौदा पोरं. त्यातली नऊ पाच-सहा दिवसांत आडवी झाली. आधी उलटी, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. एक लंगोट बदलून होतो न होतो तोच दुसरा भरलेला. टकलूला तर दवाखान्यात ठेवलंय, आज सलाइनचा तिसरा दिवस. अकरा महिन्यांचं पोर. डोळे खोल गेले, रडत होतं तर डोळ्यांतून टिपूस येईना. डॉक्टर म्हणाला, रोटाव्हायरस.

आणि मला मालकीणबाईंनी घरी बसवलंय. बावीस वर्षं मी तिथे पोरं धुतली, पुसली, निजवली, आणि आता म्हणतात, "थोडे दिवस विश्रांती घ्या." मी काय दमले म्हणाले होते?

कारण सांगते. नऊ तारखेला माझ्या नातवालाही असेच जुलाब लागले. लेकीनं बोलावलं म्हणून दहा-अकरा मी तिच्याकडे होते. बाराला कामावर आले आणि तेराच्या संध्याकाळपासून इकडे पोरं पडायला लागली. टकलूची आई शिंपीण आहे, जीभही कात्रीसारखीच. सगळ्या आयांसमोर म्हणाली, "नातवाचं दुखणं हातावर घेऊन आल्या आणि माझ्या लेकराला लावलं." मालकीणबाई दाराच्या कडीकडे बघत उभ्या.

माझा संशय त्या हसरीवर आहे. नवी मदतनीस, दोन महिने झाले असतील. नखं बघशील तर चमच्यासारखी. विनाकारण हसते. बाटल्या तीच धुते. नातवाचं म्हणशील तर ते विहीणबाईंच्या माठातल्या पाण्यानं झालं, हे मी त्यांना तोंडावर सांगून आलेय. हसरीचं वेगळं, विहीणबाईंचं वेगळं, आणि मधल्या मधे मी चिरडले.

दवाखान्यातले नमुने तुमच्याच प्रयोगशाळेत येतात ना? मग बघ आणि सांग, कुणी आणला. नाव लिही. मी मालकीणबाईंच्या टेबलावर आपटते.

मावशी


२३ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. पाकिटाच्या पाठीवर डिंकाचा डाग दिसेल. तो माझाच आहे, कुणी फोडून परत चिकटवलेलं नाही. आधीच सांगितलेलं बरं.

टकलू आता बरा आहे ना? असेल असं धरून चालते.

नाव मला लिहिता येणार नाही. आमच्याकडे नावं येतच नाहीत. छोटी डबी येते, तिच्यावर आकडा, तारीख आणि बाळाचं वय. पण तुला हवंय ते कसं शोधतात ते सांगते.

हा विषाणू एका अखंड धाग्याचा नसतो. त्याचे अकरा सुटे तुकडे असतात. सगळे मिळून साधारण साडेअठरा हजार अक्षरं. बाळाच्या आतड्यात तो स्वतःच्या नकला काढत सुटतो, आणि घाईत नक्कल करणारा चुकतोच. एखादं अक्षर बदलतं. ते बदललेलं अक्षर घेऊन तो पुढच्या बाळात जातो, तिथे आणखी एखादं बदलतं. आम्ही सगळ्यांची अक्षरं शेजारी शेजारी मांडतो. ज्याच्यात कमी चुका तो आधीचा, ज्याच्यात त्याच चुका अधिक नव्या चुका, तो नंतरचा. अशी वंशावळ लागते.

कधी दोन वेगळे विषाणू एकाच बाळात शिरतात. मग तुकड्यांचीच अदलाबदल होते, तीन याचे, आठ त्याचे, आणि तिसराच बाहेर पडतो. म्हणून आम्ही वर्षभर डब्या गोळा करत असतो.

तेव्हा हसरीला नखांवरून फाशी देऊ नकोस. कोणत्या मुलाला कोणत्या दिवशी सुरू झालं, ते तुझ्याकडे आहे का लिहिलेलं?

आणि मावशी, तू नातवाला शेवटचं कधी भेटली होतीस? म्हणजे तो आजारी पडण्याआधी?

तुझी
मुंगी


२७ जानेवारी

मुंगे,

टकलू घरी आला. डोकं अजून मोठं आणि अंग लहान दिसतं, पण खिदळतो म्हणे. मी ऐकलं फक्त. मला कोण दाखवणार.

तारखांचं म्हणशील तर आमच्याकडे शी-वही आहे. माझीच कल्पना. आया संध्याकाळी विचारतात, आज झाली का, कशी झाली. तोंडी लक्षात राहत नाही. म्हणून रोज पोरागणिक एक चौकोन. घट्ट असली तर भरीव टिकली, मऊ असली तर पोकळ, पातळ असली तर आडवी रेघ. नऊच्या नऊ पोरांच्या रेघा तेरा, पंधरा, सोळा, सतरा या तारखांना आहेत. पण मालकीणबाई म्हणाल्या, "वही तुमच्याच हातची. तिचं काय धरायचं?" बावीस वर्षं त्याच वहीवरून आयांना उत्तरं देत होत्या, तेव्हा हात कुणाचा होता?

हसरी आता माझ्या खुर्चीवर बसते. माझ्या! मला कसं कळलं म्हणशील. पाळणाघरासमोर चपला दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे मी रोज एक धडधाकट चप्पल घेऊन जाते आणि तासभर बसते. तो म्हणाला, "मावशी, ह्या चपलेला काही झालेलं नाही." मी म्हटलं, तुम्ही बघा नीट, मी पण बघते. परवा हसरी दारात आली आणि मला बघून हात हलवला. निर्लज्ज.

मला एक सांग. या सगळ्या पोरांना लहानपणी रोटाचे थेंब पाजलेले होते, मग झालाच कसा? थेंबांतच कुणी काही मिसळत नाही ना? आजकाल कशाचा भरवसा नाही.

एक कुरळीची आई तेवढी माणसासारखी वागते. बसवर वाहक आहे. तिची पाळी बदलली, तर कुरळीला पाळणाघरातून काढून दिवसभर माझ्याकडे ठेवायला लागली. म्हणाली, "मावशी, कुणी काही म्हणो, माझा तुमच्यावर विश्वास आहे." चौदा आयांत एक. कुरळीला काही झालंच नव्हतं, सहा-सात तारखेला थोडी सर्दी, तेवढीच. दोन दिवस घरी राहिली आणि आली. गालाला हात लावला तर हात घसरेल, अशी गुटगुटीत.

लेक फोनवर हल्ली नुसतं "बरं आहे" म्हणते. तिच्याही मनात माझ्याविषयी काहीतरी भरवलेलं दिसतंय. कुणी, ते सांगायला नको.

नातवाला आधी कधी भेटले ते विचारलंस. ते कशाला हवंय तुला?

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

थेंबांत कुणी काही मिसळत नाही. थेंबांमुळे आजार अजिबात होत नाही असं नाही, पण झाला तर बाळ मरणाच्या दारात सहसा जात नाही. नऊतली आठ मुलं घरीच बरी झाली, ती उगाच नाही. टकलूचे दोन डोस राहून गेले होते, हे दवाखान्याच्या कागदावर आहे. हे तू कुणाला सांगायचं नाहीस. शिंपीणबाईला तर मुळीच नाही. हातात आयतं कोलीत मिळालं असं समजू नकोस.

आमच्या सरांनी हा उद्रेक नीट तपासायचं ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात दोघं जण येतील. आजारी पडलेल्या नऊ मुलांचे आणि काम करणाऱ्या सगळ्या मोठ्यांचे नमुने घेतील. बरं झाल्यावरही विषाणू शीतून कित्येक दिवस, कधीकधी दीड-दोन महिनेही बाहेर पडत राहतो, म्हणून उशीर झालेला नाही. तू पण दे. कुरकुर न करता दे.

आणि एक डबी या पाकिटाबरोबर वेगळी पाठवते आहे. तिच्यावर नातवाचा आकडा आहे. त्याच्या आईची सही घे, तिला सगळं समजावून सांग, आणि त्याचा नमुना दे. तुझ्यावरचा आळ त्याच्यावरूनच आलाय, तेव्हा त्याच्यावरूनच जाईल. किंवा राहील. खोटं आश्वासन मी देणार नाही.

नातवाला कधी भेटलीस ते मी अजून विचारतेच आहे.

तुझी
मुंगी


९ फेब्रुवारी

मुंगे,

डबी दिली. तुमच्या माणसाच्या हातातच दिली. लेकीनं सही केली आहे. झाकण घट्ट लावलंय. आत चमचा होता त्यानंच घेतलं, हातानं नाही. लेकीकडे जाऊन सकाळच्या बसनं आणलं. बस वेळेवर होती.

विहीणबाई नातवाची दुधाची बाटली लेकीच्या हातून काढून घेतात आणि स्वतः पाजतात. कौतुक किती ते. माझ्यासमोर मुद्दाम.

त्या डबीत काही निघालं नाही तर मी सुटले ना? एवढं एका ओळीत कळव.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

एका ओळीत जमणार नाही.

मोठ्या माणसांपैकी कुणाच्याच नमुन्यात काही नाही. तुझ्याही नाही, त्या मदतनीस मुलीच्याही नाही. तेव्हा चपला दुरुस्त करणाऱ्याला आता मोकळं कर.

नऊ मुलांत मात्र एकच विषाणू आहे. अक्षरांत एक-दोन फरक, बाकी सख्खी भावंडं. त्याच्या अकरा तुकड्यांतले दोन वेगळ्याच घराण्यातले आहेत. अशी सरमिसळ झालेला विषाणू उन्हाळ्यात दुसऱ्या एका शहरात दिसला होता, आपल्याकडे पहिल्यांदाच. सर दोन दिवस आनंदात होते. मी नव्हते.

कारण तुझी डबी. तिच्यात तोच विषाणू आहे, आणि नऊही मुलांच्या आधीचा आहे. नव्या चुकांपैकी एकही तिच्यात नाही. वंशावळीत ती डबी सगळ्यांच्या मुळाशी बसते. म्हणजे शिंपीणबाई म्हणाली ते अक्षरन् अक्षर खरं ठरतं. नातवापासून पाळणाघरात. हा कागद मालकीणबाईंकडे गेला तर तुझं काम गेलंच, आणि टकलूचं दुखणं जन्मभर तुझ्या नावावर.

मी तो आकडा बघत सबंध दुपार बसून राहिले. मग पुन्हा सगळं तपासलं. शीबरोबर विषाणूच येतो असं नाही, बाळाच्या स्वतःच्या आतड्यातले कणही येतात. त्यांच्यावरून बाळ मुलगा आहे की मुलगी ते कळतं.

मावशी, तुझ्या नातवाला मी स्वतः आंघोळ घातली आहे. तो मुलगा आहे.

डबीत मुलगी आहे.

कोण आहे ती?

सर सोमवारी परत येतील. तोवर मी हा निकाल माझ्याजवळ ठेवलाय. असं करायचं नसतं. कळलं तर इथे मलाही "विश्रांती घ्या" म्हणतील. तू मला फसवलंस हे मी नंतर बोलेन, आधी उत्तर दे. आणि या वेळी टपालाची वाट बघू नकोस, आजच निघणाऱ्या माणसाबरोबर पाठव.

मुंगी


२२ फेब्रुवारी

मुंगे,

हो, बदलली. ओरडायचं ते ओरड.

लेकीनं सही केली, डबीत भरूनही दिलं, सगळं सरळ झालं होतं. बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसले आणि डोकं फिरायला लागलं. नातवाला जुलाब झाले होते हे तर खरंच. डबीत तो रोटा निघणार. निघाला की तुझे सर आकडेमोड करणार, मालकीणबाईंना फक्त एवढंच ऐकू येणार की निघाला. तुझी ती वंशावळ त्या थोडीच वाचणार आहेत? आणि तुझ्यावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तू पगारी माणूस. वरून दाबलं तर तू काय करशील, मला काय ठाऊक.

म्हणून घरी येऊन डबी रिकामी केली, उकळत्या पाण्यानं धुतली, आणि ज्या पोराला काहीच झालेलं नाही त्याची शी भरली. कुरळीची. घरात तीच होती. एवढी ठणठणीत पोरगी, तिच्यात काय निघणार? म्हटलं, डबी कोरी निघेल, माझं नाव धुतलं जाईल.

आता तू म्हणतेस सगळ्याचं मूळ तिच्यात आहे.

तुझं पत्र वाचलं आणि डोळ्यांसमोरून ते शी-वहीचं पान सरकलं. सहा तारीख, शनिवार. कुरळीच्या चौकोनात मीच मारलेली आडवी रेघ. मी म्हटलं होतं, दात येताहेत, होते एखादी पातळ. आठ-नऊला आली नाही, दहाला आली. दहा-अकराला मी लेकीकडे होते. तेराला पोरं पडली. माझ्याच हातची वही, मीच वाचली नाही. सगळ्यांकडे बघत बसले, हसरीच्या नखांकडे, विहीणबाईंच्या माठाकडे.

संध्याकाळी कुरळीची आई पोरीला न्यायला आली. मी दार लावलं.

"सर्दी होती ना गं तिला?"

"हो मावशी, का?"

"सर्दी नाकातून वाहत होती की दुसरीकडून?"

पोरीला घ्यायला पुढे केलेले हात तिनं मागे घेतले. गळ्यातली तिकिटांची पिशवीही काढली नव्हती.

"दोनच दिवस झालं होतं," ती म्हणाली. "उलटी आणि जुलाब. माझी रजा संपली होती मावशी. जुलाब म्हटलं असतं तर आठ दिवस दारातून परत पाठवलं असतं. सर्दीला कुणी परत पाठवत नाही."

"आणि मला घरी बसवलं तेव्हा तोंडात काय भरलं होतंस?"

"म्हणून तर तुमच्याकडे ठेवते तिला."

बघ. चौदा आयांत हिचाच एकटीचा माझ्यावर विश्वास का होता, ते आत्ता कळलं. विश्वास कसला, तिला ठाऊक होतं. मी एवढ्या जणींवर संशय घेतला, आणि जी गोड बोलली तिला सोडलं. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण कुरळी माझ्या कडेवर होती आणि तिनं माझी वेणी ओढली, तर राग अर्धा तिथेच गेला. त्या बाईला मी एवढंच म्हटलं, तुमच्या माणसांना पोरीचा नमुना द्यायचा, सही करायची, आणि खरं सांगायचं. ती तयार आहे. भीतीनं का होईना.

हे पत्र चप्पलवाल्याच्या भावाबरोबर पाठवते, तो तुमच्या बाजूला निघालाय. त्याच्याकडेच आणखी एक डबी आहे. नातवाची, खरी. काल तुझं पत्र आल्या आल्या लेकीकडे गेले होते. या वेळी तिनंच भरली, तिनंच बंद केली, झाकणावर पट्टी चिकटवून वरून सही केली. मी हात मागे बांधून उभी होते. तिनं का असं विचारलंसुद्धा नाही.

आता लवकर कर. मालकीणबाईंना कागद पाठव. मी सुटले!

मावशी


६ मार्च

प्रिय मावशी,

मी सरांना सगळं सांगितलं. डबी बदलल्याचंही. ते दहा मिनिटं बोलले आणि त्यातला एकही शब्द मी तुला लिहिणार नाही. शेवटी म्हणाले, "मावशींनी फसवलं नसतं तर ती मुलगी आपल्या यादीतच आली नसती." तेव्हा वाचलो आपण दोघी. पण पुन्हा असं केलंस तर मी तुझी भाची नाही.

मालकीणबाईंना सरांच्या सहीचं पत्र गेलं आहे. त्यात असं आहे की उद्रेक पाळणाघरातल्या एका मुलापासून पसरला, काम करणाऱ्या कुणीही तो बाहेरून आणलेला नाही, आणि नोंदवहीतल्या तारखा नमुन्यांशी तंतोतंत जुळतात. कुरळीचं नाव नाही. जुलाब लागलेल्या मुलाच्या आईला दारातून परत न पाठवता काय करता येईल, यावरही दोन ओळी आहेत. त्या माझ्या.

कुरळी पहिली, असंही समजू नकोस. तिला कुणाकडून तरी मिळाला, त्याला आणखी कुणाकडून. दुसऱ्या शहरातल्या डबीपर्यंत मला अजून तीन-चार कड्या सापडत नाहीत. पहिला कोण ते बहुधा कधीच सापडत नाही.

आता नातवाची खरी डबी. हे मला लिहायचं नव्हतं. चार दिवस पत्र टेबलावर पडून आहे.

त्याच्यातही तोच विषाणू आहे. कुरळीचाच, आणि वर एक नवी चूक, जी बाकीच्या नऊ मुलांपैकी एकातही नाही. म्हणजे त्याच्याकडून पाळणाघरात काहीच आलं नाही. कुरळीकडून निघालेली ती वेगळी फांदी आहे, आणि ती तुझ्या नातवापाशी थांबते.

कुरळी आणि तो एकमेकांना कधी भेटले नाहीत. त्यांच्या मधे एकच माणूस आहे. आजारी न पडताही हा हातांवरून, कपड्यांवरून जातो. दिसतही नाही इतक्याशा कणानं भागतं.

हे सरांच्या पत्रात नाही. कुठल्याच कागदावर नाही. मला आणि तुला ठाऊक आहे, बस. घरी काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

आणि तू नातवाला आधी कधी भेटली होतीस, ते आता मी विचारणं बंद करते.

तुझी
मुंगी


१५ मार्च

मुंगे,

मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. माझ्या घरी, जिना चढून. म्हणाल्या, "सोमवारपासून या." मी म्हटलं, बघते. बघायचं काय होतं, जाणारच होते, पण थोडं थांबवलं त्यांना. पहिल्याच दिवशी शिंपीण आली, टकलूला माझ्या हातात दिलं आणि निघून गेली. त्याचे ते दोन डोस तोंडावर आले होते माझ्या. तुझ्यासाठी गिळले. हसरीनं खुर्ची रिकामी करून ठेवली होती. नखं कापलेली होती. मी काही बोलले नाही, म्हणजे एवढंच म्हटलं की बाटल्या यापुढे मी धुणार.

आता ते दुसरं.

सहा तारखेला, शनिवारी. पाळणाघर सुटायच्या वेळी कुरळीनं घाण केली, ती रेघ मारली तीच. मी तिला बदललं. लेकीकडे जाणारी बस सुटत होती. साबणाशी गर्दी, दोन आया आपापल्या पोरांची तोंडं धूत होत्या. मी नळाखाली नुसतं पाणी ओतलं, स्वेटरला हात पुसले आणि पळाले. बावीस वर्षांत असं एकदा केलं असेल. लेकीच्या दारात पाय टाकला तर नातवानं झेप घेतली. दात येताहेत त्याला. घरभर फिरवला तेवढा वेळ तो माझ्या स्वेटरची बाही चावत होता. मला गंमत वाटत होती.

हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं का विचारशील. रेघ आठवली नव्हती. बस आठवत होती. तू विचारलंस तेव्हा मी दुसरीकडे बोट दाखवलं.

तू म्हणालीस कुठल्याच कागदावर नाही. तीन दिवस मी तेच घोकलं. कागदावर नाही तर झालंच नाही. मग रविवारी लेकीकडे गेले. विहीणबाई आत होत्या, म्हणून लेकीला दारातच धरलं आणि सांगून टाकलं. मला घोळवून बोलता येत नाही. म्हटलं, पोराला मी लावलं, हात धुतले नव्हते.

मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती हळू म्हणाली, "आई, हे आत येऊन परत सांगशील?"

"कुणाला?"

"त्यांना."

मग तिनं सांगितलं. माठावरून मी विहीणबाईंना तोंडावर बोलले होते ना, त्याच दिवशी मी बसमध्ये बसले आणि इकडे विहीणबाई तिला म्हणाल्या, माझं पाणी नाही, तुझे हात घाण. तेव्हापासून दोन महिने तिला पोराच्या बाटलीला हात लावू देत नाहीत. दूध त्या करतात, त्या पाजतात. ती आई असून बाजूला उभी राहून बघते. आणि तिलाही तसंच वाटायला लागलं होतं, की आपल्याच हातानं झालं. मला ते कौतुक वाटलं होतं. फोनवरचं तिचं "बरं आहे" ते हे होतं.

मुंगे, मालकीणबाईंपुढे, शिंपिणीपुढे मी मान वाकवली नाही. विहीणबाईंपुढे उभं राहून असं बोलायचं म्हणजे मला जीभ उपटून दिल्यासारखं. पण लेक माझ्याकडे बघत होती.

विहीणबाई ओट्याशी बाटली उकळत होत्या. मी म्हटलं, "तुमचं पाणी चांगलं होतं. हिचे हातही चांगले होते. मी आणलं."

त्यांनी गॅस बंद केला. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या.

कसलं वाटलं होतं! दोन महिने लेकीवर ढकलून आता वाटलंच होतं! ओठापर्यंत आलं होतं, मुंगे. गिळलं. घशात अजून आहे.

लेक पुढे झाली. चिमट्यानं बाटली काढली, निथळवली, दूध भरलं. थोडं ओट्यावर सांडलं. विहीणबाईंचा हात आपोआप पुढे गेला, मग त्यांनीच मागे घेतला. पोरानं सगळी बाटली संपवली आणि तिच्या खांद्यावर ढेकर दिली.

मला कुणी बस म्हणालं नाही. मी मोरीत गेले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि विहीणबाईंचा टॉवेल न मागता घेतला.

मावशी